हा जिन: म्हणजे हा कोण?

कोजागिरी

आधी नावाचा घोळ मिटवते. घरात मी "सध्या हा जिन वाचतेय" म्हटलं की नवरा विचारायचा, "हा जिन काय? तो जिन कुठाय?" दोन दिवस पुरला त्याला हा विनोद. तर हे 'हा' म्हणजे हार्बिन शहरातलं 'हा'. लेखकाचं खरं नाव जिन श्वेफेई. हार्बिन त्याचं आवडतं शहर, म्हणून त्याचं पहिलं अक्षर त्याने टोपणनावात घेतलं. पुढे त्याने चीन सोडला आणि मग लिहिलेलं सगळं या नावावर छापलं गेलं.

मी वॉल्थममध्ये राहते, बॉस्टनच्या पश्चिमेला. ब्रँडाइस विद्यापीठ इथून चालत जाण्याइतकं. मागच्या हिवाळ्यात लायब्ररीने जुनी पुस्तकं विकायला काढली होती, त्यात 'वेटिंग' मिळालं. मागच्या पानावर वाचलं की हा माणूस १९८५ साली याच ब्रँडाइसला शिकायला आला होता. मी रोज जिथे लोकल पकडते त्याच स्टेशनवर तोही उभा राहिला असणार, या एका फालतू कारणासाठी पुस्तक घरी आणलं. तेव्हापासून सहा पुस्तकं झाली.

थोडं त्याच्याबद्दल. जन्म १९५६ चा, ल्याओनिंग प्रांतात. वडील सैन्यात अधिकारी. हा दहा वर्षांचा असताना सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि शाळा बंद पडल्या. चौदाव्या वर्षी सैन्यात गेला. चौदाव्या! माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला डबा भरायला सांगितला तरी तोंड वाकडं होतं. नेमणूक सोव्हिएत सीमेजवळ. १९६९ साली त्या सीमेवर दोन्ही देशांत चकमकी झालेल्या, आज ना उद्या रशियन रणगाडे येणार असं वातावरण. एकोणिसाव्या वर्षी सैन्य सोडलं आणि पार ईशान्येला ज्यामुस नावाच्या गावी रेल्वेत तारमास्तर झाला. तिथे रेडिओवर इंग्रजीचे धडे लागायचे, ते ऐकत ऐकत इंग्रजीची बाराखडी गिरवली. कशासाठी, तर एंगल्सचं इंग्लंडमधल्या कामगारांवरचं पुस्तक इंग्रजीत वाचायचं होतं! कम्युनिझमचा ग्रंथ वाचायला भाषा शिकला आणि त्याच भाषेने त्याला तिकडून कायमचं उचलून इकडे आणलं.

१९७७ साली चीनमध्ये विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्या. याला हार्बिनच्या हेलोंगज्यांग विद्यापीठात जागा मिळाली, पण विषय इंग्रजी. पसंतीच्या यादीत त्याने इंग्रजी सगळ्यात शेवटी लिहिलं होतं. पुढे शानडोंग विद्यापीठात एम.ए., आणि मग ब्रँडाइसला इंग्रजी कवितेवर पीएच.डी. ठरलेलं असं की पदवी घ्यायची आणि परत जाऊन शानडोंगला शिकवायचं. दोन वर्षांनी बायको आली. मुलगा मागेच राहिला होता, तो १९८९ मध्ये आला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिआनमेन झालं. ज्या सैन्यात आपण उमेदीची वर्षं घालवली तेच सैन्य आपल्या लोकांवर गोळ्या झाडतंय, हे त्याने इथे टीव्हीवर बघितलं. परत जायचं नाही हे तेव्हा ठरलं. त्यानंतर तो चीनला गेलेला नाही.

आता मला ज्यासाठी धागा काढावासा वाटला तो मुद्दा. इथे राहायचं ठरल्यावर पोट कशावर भरायचं? चिनी शिकवायच्या नोकऱ्यांसाठी अर्ज केले, भाषांतराच्या कामासाठी केले, काही जमलं नाही. पदव्या सगळ्या इंग्रजीच्या. चिनीत लिहावं तर ते छापणार कोण, आणि चीनमध्ये पोचणार कसं? रात्रपाळीचा वॉचमन होता काही काळ, हॉटेलात टेबलं पुसली. शेवटी उरली इंग्रजी, म्हणून तिच्यात लिहायला लागला. हे तो स्वतः इतक्या सरळपणे सांगतो की मला आधी खरंच वाटलं नाही. आपल्याकडे लेखक म्हणतात "भाषेने मला निवडलं" वगैरे. हा म्हणतो, तगून राहायला दुसरी वाट नव्हती. आणि चिनी राज्यसत्तेचा आपल्या आयुष्यावरचा हात काढून टाकायचा होता, तेही कारण.

पहिला कवितासंग्रह १९९० चा. १९९३ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कविता शिकवायची नोकरी. मग सैनिकांच्या कथांचा 'ओशन ऑफ वर्ड्स', त्याला पेन/हेमिंग्वे पुरस्कार. १९९९ ला 'वेटिंग', त्याला नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुढच्या वर्षी पेन/फॉकनर. २००४ च्या 'वॉर ट्रॅश'ला दुसऱ्यांदा पेन/फॉकनर. विशीत इंग्रजीचे धडे गिरवायला लागलेल्या माणसाचं हे प्रगतिपुस्तक.

'वेटिंग'ची गोष्ट दोन ओळींत: लिन कॉंग हा लष्करी इस्पितळातला डॉक्टर. घरच्यांनी लावून दिलेली बायको शुयू गावाकडे. इस्पितळात नर्स मान्ना वू हिच्याशी मन जुळलेलं. दर उन्हाळ्यात रजा काढून गावी जायचं, बायकोला घेऊन तालुक्याच्या कोर्टात घटस्फोट मागायचा, ऐन वेळी ती नाही म्हणते, हात हलवत परत यायचं. नियम असा की अठरा वर्षं वेगळं राहिलं तर बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट मिळतो. मग काय, मोजा अठरा वर्षं.

भाषा इतकी साधी की पहिली पन्नास पानं मला कंटाळा आला. मग हळूहळू लक्षात आलं की हा आवाज ओळखीचा आहे. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी बँकेला फोन करायची तेव्हा तशीच बोलायची. समोरच्याला कळावं म्हणून नव्हे, आपलं वाक्य वाटेत मोडू नये म्हणून सावकाश. ती सावधगिरी त्याच्या प्रत्येक परिच्छेदात आहे. माझं म्हणणं, तीच त्याची शैली आहे, उणीव नव्हे. तुम्हाला काय वाटतं? आणखी कुणी वाचलाय का?

चहाटळ

अठरा वर्षं? नियमात लिहिलेली? आणि त्यानंतर नक्की मिळतो? कुठे अर्ज करायचा सांगा, मी ग्रीन कार्डाच्या रांगेतून तिकडे बदली करून घेतो.

सदाफुली

@चहाटळ 😂 आमची तारीख २०१३ ची आहे, आम्ही लिन कॉंगचे धाकटे बंधू.

चहाटळ

बरं, अवांतर पण कामाचं. तिआनमेननंतर अमेरिकेने १९९२ साली कायदा करून तेव्हा इथे असलेल्या चिनी विद्यार्थ्यांना, संशोधकांना ग्रीन कार्डं दिली. पन्नास हजारांहून जास्त. आणि ती फुकट दिली नाहीत! पुढे कित्येक वर्षं चीनच्या वार्षिक कोट्यातून हजारेक व्हिसे वजा होत राहिले. म्हणजे १९८९ चं कर्ज २००९ ला आलेल्या पोराने फेडलं. माझा चिनी सहकारी यावर अर्धा तास तावातावाने बोलू शकतो. 'वेटिंग' त्याला भेट देतो आता.

नांगरट

धागा छान. पण थोडं खडूसपणे लिहितो, राग मानू नका.

मी 'वेटिंग' दहाएक वर्षांपूर्वी वाचली. मला ती अमेरिकन वाचकासाठी मांडलेली ताटली वाटली. बांधलेल्या पायांची बायको, पार्टीचे सेक्रेटरी, बाई आणि पुरुषाने इस्पितळाच्या आवाराबाहेर एकत्र चालायचं नाही असले नियम. तिकडच्या वाचकाला चीनकडून जे जे हवं ते सगळं. हे मी एकटा म्हणत नाही. पुस्तक गाजल्यावर पेकिंग विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेनेही हेच म्हटलं होतं, की अमेरिकेत नाव व्हावं म्हणून याने चीनला मागास दाखवलं. त्या गदारोळात तिथलं चिनी प्रकाशन तेव्हा अडलं.

दुसरं, शैलीबद्दल. साधी भाषा आणि गरीब भाषा यांत फरक असतो. ज्याच्या हातात पाचच रंग आहेत त्याने पाच रंगांत चित्र काढलं तर त्याला आपण संयम म्हणतो का?

कोजागिरी

@नांगरट, राग कसला. असा प्रतिसाद आला नसता तर धागा तिसऱ्या दिवशी खाली गेला असता.

पायांचं बघू. शुयू साधारण १९३० च्या दशकात जन्मलेली. तोपर्यंत पाय बांधायची चाल शहरांतून गेली होती, कायदेही झाले होते, म्हणून ती पात्राच्या वयाशी जुळत नाही असा तो आक्षेप. आडगावी ती नंतरही रेंगाळली, तेव्हा अशक्य नाही एवढंच मी म्हणेन. पण लेखक त्या पायांचं काय करतो ते बघा. शुयू शहरात येते तेव्हा नर्सा तिला पैसे देऊ करतात, पाय दाखव म्हणून. ती नाही म्हणते. नवऱ्याशिवाय कुणाला दाखवायचे नाहीत म्हणते, आणि तो नवरा तर तिला सोडायला निघालाय. त्या प्रसंगात पैसे देऊन पाय बघायला आलेल्या नर्सा म्हणजे आपण आहोत, वाचक. अमेरिकन वाचक, मी, तुम्हीसुद्धा. ताटली मांडणारा माणूस जेवायला बसलेल्यांना असा आरसा दाखवत नाही.

पाच रंगांचं उत्तर लगेच सुचत नाहीये. विचार करून लिहिते.

पंचगंगा

मी कोल्हापूरचा, वय ७१. हा लेखक मला 'वॉर ट्रॅश'मुळे माहीत. पुस्तक जावयाने दिलं. युद्धाचं आहे म्हटल्यावर मी काहीही वाचतो हे त्याला माहीत आहे.

कोरियन युद्धातल्या एका चिनी युद्धकैद्याची गोष्ट. यु युआन त्याचं नाव. इंग्रजी येतं म्हणून कैदी छावणीत दुभाष्या होतो. कोजे बेटावरच्या छावण्यांत चिनी कैद्यांचेच दोन तट, कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी, म्हणजे तैवानला गेलेल्या च्यांग कै-शेकच्या बाजूचे. अमेरिकन पहारा बाहेरून, आत एकमेकांच्या उरावर बसलेले. एके दिवशी राष्ट्रवादी त्याला धरतात आणि त्याच्या पोटावर इंग्रजीत कम्युनिझमला शिवी गोंदवतात, म्हणजे हा परत मायदेशी जाऊच शकणार नाही. पुढे तो परततो तेव्हा चिनी डॉक्टर त्यातली काही अक्षरं खोडून टाकतात आणि उरलेल्या अक्षरांतून अमेरिकेला शिवी उरते. पुस्तकाची सुरुवातच तिथे आहे. म्हातारा झालेला यु युआन मुलाकडे अमेरिकेला आलाय आणि विमानतळावर कुणाला पोटावरचं दिसलं तर काय, ही धास्ती. मी हसलो, आणि मग पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळं. युद्ध थांबवायची बोलणी चालू असताना, जे कैदी मायदेशी जायला तयार नव्हते त्यांचं काय करायचं यावर शस्त्रसंधी अडकली होती. चिनी कैदी एकवीस हजारांच्या आसपास, त्यातल्या चौदा हजारांना परत जायचं नव्हतं. तोडगा निघाला तो असा की तटस्थ देशांचं मंडळ नेमायचं, अध्यक्ष भारत. अध्यक्ष जनरल थिमय्या. आणि कैद्यांच्या राखणीला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख कोण? मेजर जनरल शंकरराव थोरात. आमच्या वडगावचे! नंतर लेफ्टनंट जनरल होऊन पूर्व विभागाचे प्रमुख झाले, निवृत्तीनंतर कोल्हापुरातच राहिले. लहानपणी वडील रस्त्यात लांबून दाखवायचे, "ते बघ थोरातसाहेब."

एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरलाच कुंपणाच्या आत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. आपल्या फौजेच्या तळाला नाव दिलं होतं हिंदनगर. कादंबरीत शेवटच्या भागात हे भारतीय सैनिक येतात. कैद्याने तंबूत जायचं, आपल्या देशाचे लोक समोर बसून परत चला म्हणून समजावणार, आणि मग दोन दारांपैकी एका दाराने बाहेर पडायचं. त्या तंबूबाहेर उभा असलेला शिपाई आपल्याकडचा होता, हे वाचताना अंगावर काटा आला. काही जणांना इकडेही नको, तिकडेही नको. असे ८८ जण आपल्या फौजेबरोबर भारतात आले. त्यांत चिनी बारा.

सदाफुली

@पंचगंगा काका, हे काहीच माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

अर्धविराम

काका, दंडवत! मला वाटलं होतं आता कुणीतरी डॉ. कोटणीस आणणार आणि धागा सोलापूरला जाणार. तुम्ही तो कोल्हापूरला नेलात.

पंचगंगा

@अर्धविराम, कोटणीसांबद्दल आदर आहेच. पण चीन म्हटलं की आपली गाडी १९४२ ला थांबते आणि मग थेट १९६२ ला निघते. मधल्या कोरियाची कुणाला आठवण नाही, म्हणून लिहिलं.

अर्धविराम

ते गोंदण डोक्यातून जात नाहीये. मी ते पुस्तक वाचलेलं नाही, फक्त काकांचा प्रतिसाद वाचला. पण बघा, त्याच्या अंगावर इंग्रजी आली ती दुसऱ्यांनी, जबरदस्तीने. कोजागिरीने वर लिहिलंय की याचं इंग्रजीही यादीत शेवटचं, लादलेलं. आणि पुढे त्या माणसाच्या हातात एवढंच उरतं की काही अक्षरं खोडून वेगळा अर्थ काढायचा. लेखकाने स्वतःचीच गोष्ट त्या पोटावर लिहिली की काय?

कोजागिरी

अर्धविराम!!! मी ते पुस्तक दोनदा वाचलं आणि मला हे दिसलं नाही. @नांगरट, पाच रंगांचं उत्तर बहुतेक हेच. रंग दुसऱ्यांनी दिलेले, त्यातले काही खरवडूनच चित्र काढायचं.

नांगरट

टाळी घेणारं वाक्य आहे, उत्तर नाही. 🙂 पण गोंदणाचा मुद्दा मान्य.

मला खुपतं ते दुसरं. आपली भाषा सोडणं. आपल्याकडे किरण नगरकर बघा. 'सात सक्कं त्रेचाळीस' १९७४ साली मराठीत लिहिली, मग इंग्रजीकडे वळले तर मराठी वाचकांची नाराजी त्यांच्या मागे लागली ती लागलीच. विलास सारंग दोन्हीकडे लिहीत राहिले, दोन्हीकडे अर्धेच ओळखले गेले. कोलटकरांना जमलं, पण ते कोलटकर. आणि यांच्यापैकी कुणालाही कुणी हाकललं नव्हतं, मुंबईत बसून दोन भाषा चालवत होते. या जिनचं तसं नाही हे मी मानतो. तरीही १९९० पासून आजवर पस्तीस वर्षं चिनी माणसांवर लिहायचं आणि चिनीत नाही, यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. शुयू काय बोलली ते शुयूला वाचता येणार नाही.

सदाफुली

शुयूला तसंही वाचता येत नव्हतं हो, ती निरक्षर आहे. 😛

मी 'अ गुड फॉल' वाचलंय, कथासंग्रह, २००९ चा. सगळ्या कथा न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधल्या. एकात सूनबाई, मुलगा आणि चीनहून आलेली आई. आई सुनेच्या प्रत्येक गोष्टीला नाव ठेवते, मुक्काम वाढवत जाते, आणि घर मोडायची वेळ येते तेव्हा मुलगा काय करतो माहितीये? मुद्दाम स्वतःची नोकरी घालवतो. कमावता मुलगा बेकार झाला म्हटल्यावर आईचा इथला रस संपतो, आई परत. मी ही कथा आमच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या तेव्हा वाचली, बाथरूममध्ये बसून. नवऱ्याला अजून वाचू दिलेली नाही, नसत्या कल्पना सुचायला नकोत.

दुसरीत आजी-आजोबा चीनहून मुलाकडे कायमचे आलेत आणि नातवंडांना आपली चिनी नावं बदलून अमेरिकन हवीत, शाळेत कुणाला उच्चारता येत नाहीत म्हणून. आजोबा संतापतात. आणखी एकीत चीनमधली बहीण इंटरनेटवरून इकडच्या बहिणीच्या मागे लागते, गाडी घ्यायला पैसे दे. नाही म्हटलं तर स्वतःचा अवयव विकायची धमकी! एडिसनमध्ये आमच्या गल्लीत यातली किमान दोन घरं मी दाखवू शकते. अवयव सोडून.

आणि @नांगरट, या पुस्तकाचा चिनी अनुवाद त्याने स्वतः केलाय. म्हणजे भाषा सोडलेली नाही, मागच्या दाराने ये-जा चालू आहे.

नांगरट

हे ठाऊक नव्हतं. स्वतः अनुवाद? मग पहिल्यांदाच चिनीत का नाही लिहिलं?

कोजागिरी

@नांगरट, याचं उत्तर मला त्याच्या निबंधांत सापडलं. 'द रायटर ॲज मायग्रंट', २००८, जेमतेम शंभर पानांचं पुस्तक. तीन निबंध. तुम्ही म्हणताय तो भाषाद्रोहाचा मुद्दा त्यातल्या एका निबंधाच्या नावातच आहे. तो म्हणतो, देश माणसाला टाकतो तेव्हा द्रोह कुणी केला हे कुणी विचारत नाही, नेहमी माणसालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. हे माझ्या शब्दांत, पण आशय हाच. कॉनराड आणि नाबोकोव्ह, एक पोलिश आणि एक रशियन, दोघेही इंग्रजीत लिहिणारे, हे त्याचे दोन देव. कॉनराडची इंग्रजी कुठे अडखळते हेही तो प्रेमाने दाखवतो.

मला त्याहून आवडली ती पहिल्या निबंधातली कबुली. पहिल्या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं होतं की मी नशीबवान निघालो, तेव्हा तळागाळात सोसलेल्या, मेलेल्या लोकांच्या वतीने बोलतोय. निबंधात तो स्वतःलाच उलटतपासणीला घेतो. वकीलपत्र दिलं कुणी? ज्यांच्या वतीने बोलतोस ते तुला ओळखत नाहीत, तुझी भाषा त्यांना येत नाही, आणि तू राहतोस मॅसॅच्युसेट्समध्ये. रशियाने हाकललेले सोल्झेनित्सिन आणि इंग्रजीत लिहिणारे चिनी लेखक लिन युटांग या दोघांना तो शेजारी बसवतो. लिन युटांग अमेरिकेत चीनचे सांस्कृतिक राजदूत झाले, पण राजदूत असणं म्हणजे कादंबरीकार असणं नव्हे, असा त्याचा रोख. (याच लिन युटांगांनी १९४७ मध्ये चिनी टाइपरायटर बनवून दाखवला आणि त्यापायी कर्जात बुडाले. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

म्हणून @नांगरट, तुमचा पहिला आक्षेप, की हा चीनला अमेरिकेसमोर मांडतो, तो आक्षेप सगळ्यात आधी त्याने स्वतःवर घेतलेला आहे.

चहाटळ

हे म्हणजे आमच्या ऑफिसातल्या दिवाळीच्या कार्यक्रमासारखं. दरवर्षी मी एक अब्ज लोकांच्या वतीने दिवाळीचं महत्त्व सांगतो आणि घरी आकाशकंदील लावायला विसरतो.

मुक्ताफळ

मला हा लेखक पूर्ण आवडत नाही, तेही नोंदवते. 'अ फ्री लाइफ' (२००७) मी अर्ध्यात सोडलं. सहाशेच्या वर पानं. नान वू नावाचा माणूस अटलांटाजवळ चिनी खानावळ चालवतो आणि त्याला कवी व्हायचंय. हप्ते, विमा, घराचं कर्ज, खानावळीतल्या भाज्यांचे भाव, सगळं सगळं सांगत बसतो. जॉन अपडाइकने या कादंबरीवर लिहिताना इंग्रजीच्या बारीकसारीक खटकणाऱ्या जागा दाखवल्या होत्या. मला इंग्रजीचं काही वाटलं नाही, मला कंटाळ्याचं वाटलं.

त्यापेक्षा लहान कथांत तो राजा आहे. 'सॅबोटर' वाचा. चिउ नावाचे एक प्राध्यापक बायकोबरोबर स्टेशनवर जेवत असतात, शेजारी बसलेला पोलीस त्यांच्या पायांवर चहा फेकतो, आणि तक्रार केली म्हणून उलट यांनाच आत टाकतो, गुन्हा काय तर सार्वजनिक शिस्तीत घातपात. प्राध्यापकांना कावीळ आहे. खोटा कबुलीजबाब सही करून सुटतात आणि मग स्टेशनजवळच्या एकेका हॉटेलात जाऊन थोडं थोडं खात सुटतात. महिनाभरात गावात आठशे लोकांना कावीळ. खोटा आरोप खरा करून दाखवला! पंधरा पानांत संपतं. भाषा तीच, सपाट, पण इथे ती सपाटच हवी. चढ्या आवाजात ही गोष्ट सांगितली असती तर हसू आलं असतं.

पंचगंगा

@मुक्ताफळ, खानावळीच्या भाज्यांचे भाव मला आवडले असते. शेवटी पान उलटून बघितलंत का? जावई सांगतो त्या पुस्तकाच्या शेवटी त्या नान वूच्या कविता छापल्या आहेत.

मुक्ताफळ

खरंच? म्हणजे सहाशे पानं भाज्या चिरल्यावर कविता? मग परत काढते कपाटातून. 🙄

नांगरट

मी आज 'वेटिंग'ची पहिली काही पानं परत चाळली. कोजागिरी, एक कबूल करतो. तेव्हा मी ती प्रेमकथा म्हणून वाचली होती आणि लिन कॉंग मला मिळमिळीत वाटला. आता वाटतं, तो मिळमिळीत नाही, तो सरकारी आहे. भावना सुद्धा अर्ज भरून, वरच्यांची सही घेऊन करणारा. अठरा वर्षं संपल्यावर हातात काय येतं ते इथे लिहीत नाही, ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी. पण तो शेवट मला तेव्हा कळला नव्हता.

'गरीब भाषा' हे मागे घेत नाही. 'अमेरिकन ताटली' मात्र घेतो.

कोजागिरी

एवढं पुरे आहे मला, दिवस चांगला गेला. 😊

त्याच्या नंतरच्या पुस्तकांबद्दल: २०१९ मध्ये त्याने कवी ली बाईचं चरित्र लिहिलं, तेही इंग्रजीत. आठव्या शतकातला कवी, आयुष्यभर भटकलेला, शेवटी दरबाराने हद्दपार केलेला. नावातच 'बॅनिश्ड' आहे. इतक्या लांबच्या माणसात स्वतःला शोधावं लागलं बिचाऱ्याला. २०२३ मध्ये सुन वैशी या नाट्यदिग्दर्शिकेवर जाडजूड कादंबरी आली. सांस्कृतिक क्रांतीत कोठडीत मेली ती. त्याच्या पुस्तकांचे चिनी अनुवाद तैवानमध्ये निघतात, स्वतः तो बॉस्टन विद्यापीठात शिकवतो. म्हणजे माझ्यापासून अर्ध्या तासावर, आणि मी अजून गेले नाही ऐकायला.

अर्धविराम

एक खेळ खेळू या का? 'वेटिंग'चं पहिलं वाक्य मराठीत आणायचं. आशय एवढाच: दर उन्हाळ्यात लिन कॉंग बायकोला, शुयूला, घटस्फोट द्यायला गूज व्हिलेज या गावी परत येई.

सदाफुली

'घटस्फोट' नको. तो वकिलाच्या ऑफिसातला शब्द झाला. 'सोडचिठ्ठी'?

नांगरट

सोडचिठ्ठी एकदाच देतात. इथे दर वर्षी. "दर उन्हाळ्यात लिन कॉंग काडीमोड घ्यायला गावी जायचा." काडी मोडतच नाही, हीच तर गंमत आहे.

कोजागिरी

नांगरट, काडीमोड! पण तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशासमोर काडीमोड? तिथे सरकारी शब्दच हवा, मघाशी तुम्हीच म्हणालात तो माणूस सरकारी आहे. लिन कॉंगच्या तोंडी घटस्फोट आणि शुयूच्या तोंडी काडीमोड, असं करता येईल. इंग्रजीत दोघांना एकच शब्द मिळालाय.

पंचगंगा

आणि गावाचं नाव काय करणार? हंसगाव म्हटलं तर एकदम संस्कृत नाटक वाटतं.

चहाटळ

बदकवाडी.

मुक्ताफळ

गूज म्हणजे बदक नव्हे.

चहाटळ

माहितीये हो. पण तुम्ही मला एस.टी.ची अशी एक पाटी दाखवा जिच्यावर 'कलहंसवाडी' लिहिलंय.

पंचगंगा

"दर उन्हाळ्यात लिन कॉंग बायकोशी काडीमोड घ्यायला बदकवाडीला यायचा." मी मोठ्याने वाचून बघितलं. आमच्या हिला स्वयंपाकघरात ऐकू गेलं, ती विचारतेय, मग? दिला का तिने?